पंख्यापुढची पुरणाची कणीक

मी माण तालुक्यातली. पान्याचं नाव काढलं की आमच्याकडं लोक आधी आभाळाकडं बगत्यात आन् मंग एकमेकांकडं, असला मुलूख. शेतीत पिकत न्हाई म्हनून घरटी एक तरी गडी मिल्ट्रीत. माझा चुलता मिल्ट्रीत, मामा मिल्ट्रीत, भाऊ मिल्ट्रीत, त्यामुळं माझं लगीन मिल्ट्रीवाल्याशीच व्हनार हे मी परकर नेसत व्हते तवापासून ठरल्यालं. नाव माझं शालन. मालकांचं नाव मी आशी तोंडानं घेत न्हाई, उखान्यात घेते, तर ते ऱ्हाऊ द्या, तुम्ही ह्यात फौजीजी असंच लिवा. हितं जयपुरात, झोटवाड्यात समदी तेच म्हनत्यात, खरं नाव विचारत आलासा तर कुनी तुम्हाला घर दावनार न्हाई.

फौजेत असले तरी ते बंदूकवाले न्हवते बरं का. मिल्ट्रीच्या गाड्या जिथं दुरुस्त करत्यात तिथं फिटर. लगीन झालं तवा मैत्रिनी म्हनायच्या, शाले, तुझा नवरा लढाईवर जातो का गं, आन् मी म्हनायची, लढाईला जानारी गाडी जर मधीच बंद पडली तर तुमचं नवरं काय चालत जानार हायत का?  मला त्यांच्या कामाचा लई अभिमान, आजबी हाय, तोंडावर कंदी सांगितलं न्हाई, तुम्हाला सांगते. तोंडावर सांगितलं की हा मानूस चढून बसतो.

शेवटची बदली जयपूरला झाली. काय सांगू ताई तुम्हाला, तवा मला हिंदी म्हंजी आवो, जावो, कितने का दिया, संपलं. आल्या आल्याच एकदा आमी बसनं चाललो व्हतो, ही गर्दी, मालक पुढं दांडीला धरून उभं, मी मधीच अडकलेली, आन् कंडक्टर वरडला, ओ बहनजी, पीछे सीट खाली है, बैठ जाओ. मी मागं गेले. सीट दिसत व्हती, पर हा मानूस म्हनतोय खाली. म्हनलं आसंल इकडची रीत, बायामानसांनी खाली बसायचं. बसले की मी फतकल मारून बसच्या फरशीवर! वर सीट रिकामी आन् तिच्या पायाशी मी, पदर सावरून. समदी बस हसाय लागली. मालकांना वाटलं बायकू चक्कर येऊन पडली, मानसं ढकलत आले बिचारे. घरी गेल्यावर मला समजून सांगितलं, अगं येडे, हिंदीत खाली म्हंजी रिकामी. तवापासून तो शब्द मी जन्मात इसरले न्हाई. हसा, हसा, पर ध्यानात ठेवा, ह्याच एका शब्दापायी पुढं दोन जीव जायची पाळी आली व्हती.

पेन्शनीत निघाल्यावर गावाकडं जायचं का हितंच ऱ्हायचं, ह्यावर आमच्यात लई दिस वाद. लेकीची शाळा हिंदीतली, ती म्हनाली, आई, मतलब मला तिकडं पुस्तक पन वाचता येनार नाही. तिचं मराठी असंच हाय, मतलब मतलब. शेवटी हितंच ऱ्हायलो, झोटवाड्यात खोली घेतली आन् जिथं ट्रकवाल्यांची गॅरेजं हायत त्या रस्त्याला ह्येंनी पत्र्याचं शेड टाकलं. कुनी गाडीचं रंगकाम करतो, कुनी स्प्रिंगचे पाटे बसवतो, आमच्या ह्येंचं काम फक्त गाडीच्या पान्याचं. म्हंजी रेडिएटर, पान्याचा पंप, पट्टा, पंखा. इंजान तापलं की आमच्याकडं. जयपूरचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा, तुमच्या तिलक नगरात कूलर आसंल, पर इंजानाला कोन कूलर लावनार?

त्या शेडात ह्येंचा एक नियम व्हता. इंजान चालू करायच्या आधी खडूनं भुईवर रेघ मारायची, पंखा जिथं फिरतो त्याच्या दोन्ही अंगाला, आन् त्या रेघेच्या आत कुनी उभं ऱ्हायचं न्हाई. ट्रकचा मालक आसू दे न्हाईतर पोलीस आसू दे. मी एकदा जेवनाचा डबा घेऊन रेघेच्या आत गेले तर आसे खवळले, आसे खवळले, मी डबा तितंच ठिवून रडत घरी आले. संध्याकाळी सांगितलं, शालन, फिरनारा पंखा दिसत न्हाई, नुस्ता वारा दिसतो, म्हनून मानसाला भ्या वाटत न्हाई, पर एखादं पातं सुटलं ना तर ते सरळ जातं आन् मधी काय हाय ते बगत न्हाई. त्यांनी फौजेत काय बगितलं आसंल ते मी विचारलं न्हाई. रेघ मातर तवापासून मीबी पाळली.

आता हरजीरामचं सांगते. आमच्या शेजारच्या आळीत ऱ्हायचा, स्वताचा ट्रक, स्वताच चालवायचा. फरशीचा दगुड भरायचा आन् उदयपूरच्या बाजूला घाट उतरून न्यायचा. त्याला बहीन न्हवती, पयल्या वर्साला राखीला हात पुढं करून उभा ऱ्हायला, जीजी, बांध दो. मंग काय, भाऊ झाला. त्याची बायकू गोमती, मोठी धीराची बाई. पोरंबाळं न्हाईत म्हनून घरात बसून ऱ्हाईना, नवऱ्याबरूबर ट्रकमधी जायची, इंजान केबिनमधीच पत्र्याच्या डब्याखाली आस्तं, त्या डब्याशेजारी पाय वर घेऊन बसायची, रस्त्यात चुलीवर रोट्या करायची. लोक नावं ठेवायची, बाईमानूस ट्रकवर. ती म्हनायची, मेरा घर पहियों पर है, थारो के जावै? म्हंजी तुमचं काय जातं? मला ती लई आवडायची.

आन् एक गंमत सांगते. त्यांची वडाची पूजा आवसंला आस्ती आन् आपली पुनवेला. वड तोच, देवळामागचा. गोमती पूजा करून मोकळी व्हायची आन् मी पंधरवड्यानं एकटीच सूत गुंडाळत फिरायची, लोक बगायचे, ही बाई येळ चुकली वाटतं.

तर ते साल असं तापलं की पत्र्यावर पापड भाजावा. हरजीचा ट्रक चढावाला लागला की तापायचा, काटा लाल, गाडी कडंला, गोमती कॅन घेऊन पान्याला. एका फेरीत तर वरनं टोपन उडालं आन् तिच्या हातावर वाफ आली. हरजी परत आला तो एक लोखंडी पंखा खांद्यावर घेऊनच. भंगारातनं आनलेला, कुठल्यातरी मोठ्या गाडीचा, पाती जास्ती, रुंद, नुस्ता उचलायला दोन हात लागत्यात. त्याच्या गाडीला आपला प्लास्टिकचा साधा पंखा. हरजीचा चेहरा बगायला पायजे व्हता, नवी नवरी आनल्यावानी. म्हनला, फौजीजी, यो लगा दो, फेर देखो इंजन बरफ हो जासी.

ह्येंनी पंखा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आन् म्हनले, नहीं लगेगा.

हरजीला वाटलं बोल्ट बसत न्हाईत. हे म्हनले, बोल्ट बसतील, बसवायला येळ लागत न्हाई, बसल्यावर काय व्हईल ते ऐक. आन् मंग सांगाय लागले, मी तिथंच डबा घेऊन बसलेली. पंखा ज्या दांड्यावर फिरतो तो दांडा पंपाचा, त्याची बेरिंग हलक्या पंख्यासाठी केलेली, ल्हान पोरीच्या डोक्यावर मोठ्या बाईचा हंडा दिला तर ती चालंल का? चालंल चार पावलं, मंग मान टाकंल. बेरिंग गेली की पंखा डुलाय लागतो. दुसरं, एवढा जड पंखा फिरवायला इंजानाचीच ताकद जानार, पट्टा घसरनार, डिझेल जास्ती पिनार. तिसरं, भंगारातला माल, ह्यो कुठं आपटून आलाय कुनास ठाऊक, पात्याच्या मुळाशी केसावानी भेग आसंल तर एक दिवस पातं सुटनार. आन् सगळ्यात वंगाळ म्हंजी जागा. रेडिएटर आन् पाती ह्यांच्यात आत्ता बोटंभर जागा हाय, हा पंखा जाड, ती जागा निम्मी व्हनार. गाडी उभी हाय तोवर दिसायला ठीक. पर इंजान काय खिळं मारून बसवल्यालं नसतं, रबरावर बसल्यालं आस्तं, भरल्या गाडीत उतारावर ब्रेक मारला की ते पुढं सरतं. तुझी रबरं झिजलीत, मी मागंच सांगितलंय बदल म्हनून. इंजान पुढं आलं, पातं जाळीत घुसलं, की उकळतं पानी आन् लोखंडाचे तुकडे, कुठं? तर तुझ्या आन् भाभीच्या पायामधी.

आन् तापन्याचं खरं कारन वेगळंच हाय म्हनले, जाळीत दगडाचा बुक्का बसलाय, रेडिएटर उतरवून धू, रबरं बदल, पंखा हाय तोच ऱ्हाऊ दे.

हरजी रुसला. रेडिएटर उतरवायचं म्हंजी गाडी उभी ऱ्हानार, भाडं हातचं जानार. म्हनला, अगली फेरी में करा लूँगा सब, अभी ये लगा दो, न्हाई तर कोपऱ्यावरचा मिस्त्री चहा पिऊस्तोर लावून देतो म्हनालाय. माझ्याकडं बगाय लागला, जीजी, आप बोलो ना. माझी पंचाईत. हिकडं भाऊ, तिकडं नवरा. मी म्हनलं, अवो, तो दुसऱ्याकडं जाऊन लावनारच हाय, त्यापरीस तुम्ही लावलात तर नीट तरी लावाल.

रागानं बगितलं माझ्याकडं. मंग म्हनले, लावतो, पर माझ्या पद्धतीनं, आन् मी उतरव म्हनलं की उतरवायचा. हरजीनं कानाला हात लावला.

आता पद्धत ऐका. आधी पंख्याला रॉकेल लावलं, पुसलं, वरनं खडूची भुकटी चोळली. भेग आसंल तर आत मुरल्यालं रॉकेल बाहीर येतं आन् पांढऱ्यावर काळी रेघ उठती. एकबी रेघ उठली न्हाई, हरजी नाचायचा बाकी ऱ्हायला. मंग पंपात नवी बेरिंग, नवा पट्टा. पंखा दांड्यावर फिरवून बगितला, जी बाजू जड ती खाली येती, तिकडनं कानसीनं घासला, परत फिरवला, परत घासला. मी म्हनलं, अवो लेकीच्या लग्नात जावयाला एवढं पारखनार न्हाई तुम्ही. ऐकायलाच आलं न्हाई त्यांना.

ऱ्हायली ती जागा. किती जागा शिल्लक ऱ्हाती ते चालत्या गाडीत कळनार कसं, हात तर घालता येत न्हाई. फौजेत म्हने ते पंख्यापुढं साबनाचे मऊ तुकडे चिकटवायचे, पातं जवळ आलं की साबनावर ओरखडा उठतो. पर त्या दिवशी इंजान सुरू केलं की साबन विरघळून खाली. माती लावली तर ती वाळून भुगा. बसले डोकं धरून घरी येऊन.

आन् त्या दिवशी वटपुनव. मी सकाळपासून निर्जळी, पुरन वाटून ठिवल्यालं, परातीत कनीक तिंबत बसलेली. आमच्याकडं पुरनाची कनीक आशी तिंबत्यात की ताई, तेल पाजायचं, आपटायची, परत तेल, वडली की रबरासारखी वडली पायजे आन् तुटली न्हाई पायजे. हे परातीकडं बगतच बसले. म्हनले, ही वाळत न्हाई का गं? म्हनलं, वाळंल कशी, वाटीभर तेल प्यालीय, दिसभर ठिवली तरी आशीच. झालं! उठले आन् घातला हात परातीत, भला मोठा गोळा काढला. मी वरडले, अवो निवदाची हाय ती, वडाला दाखवायची हाय, देवाच्या आधी ट्रकला? तर म्हनतात, वड काय म्हनत न्हाई, तू माझ्याच आयुष्यासाठी करतीस न्हवं, मंग मीच घेतली आसं समज.  गेले सायकलवर गोळा घेऊन.

रेडिएटरच्या कडंला, पात्यांच्या समोर, कनकेचे उंडे चिकटवले. इंजान चालू केलं, उंडे जिथल्या तिथं, वाळंना बी आन् गळंना बी. शेडातली मानसं बगाय आली. मालक खूश. हरजी दुपारनं दगुड भरायला जानार व्हता, तर त्याला म्हनले, जवळच्या टेकडीच्या रस्त्यानं जा, आन् घाईघाईत काय म्हनले, मी वडाला जाता जाता शेडाशी थांबले व्हते, ते माझ्या कानानं ऐकलंय, गाडी खाली लेके जाना, खाली जाते टाइम जोर से ब्रेक मारना, फिर आटा देखके मेरे को बताना. उभा जन्म फौजेत गेला, हिंदी फाडफाड बोलत्यात, पर डोकं कामात बुडालं की आतलं माणदेशी वर येतं. त्यांच्या मनात, भरली गाडी उतारावरनं खाली न्यायची. आन् हरजीच्या कानात काय गेलं? तुम्हाला कळलं ना? मला तवा कळलं न्हाई बगा. पूजेची घाई, माझं ध्यान वडाकडं.

सांज झाली तसा हरजी चालतच आला, गाडी दगडाच्या यार्डातच लावून. हातात कागदाच्या पुडीत कनकेचे उंडे, आख्खे. म्हनला, खाली ले गया फौजीजी, दबा के ब्रेक मारा, देखो, एक खरोंच नहीं. ह्येंनी एकेक उंडा उजेडात धरून बगितला आन् त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघंबी एकच शब्द बोलले, दोघंबी खरं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपास सोडला, गोमतीला पोळ्या बांधून दिल्या, वाटंत खायला. ती यार्डात निघाली व्हती. कंबरंला हात लावून हसत व्हती, गप्पा मारल्या, गेली. दुपारी मी शेडात डबा नेला. हे जेवाय बसले, मी आपली बडबडतीय, म्हनलं, गोमतीची कंबर धरलीय म्हने, काल त्या टेकडीवर हौसंनं गेली, आन् खाली गाडी लई उसळती.

हे म्हनले, खाली जाताना कशी उसळंल, भरली गाडी बूड धरून उतरती.

म्हनलं, अवो, खाली जाताना न्हाई. खाली गाडी. खाली म्हंजी रिकामी. माल तर आज भरत्यात.

घास हातातच ऱ्हायला बगा. माझ्याकडं आसे बगाय लागले की मला बसमधली ती फरशी आठवली. एका झटक्यात दोघांनाबी कळलं. हात न धुताच उठले. म्हनले, कनीक ऱ्हायलीय का घरात? म्हनलं, हाय डब्यात. चल म्हनले, बस मागं.

तवा मोबाईल काय सगळ्यांकडं न्हवता, हरजीकडं तर न्हवताच. शेजारच्या गॅरेजवाल्याची स्कूटर घेतली, घरनं कनकेचा डबा उचलला, मी मागं, मांडीवर डबा, आन् ह्येंनी गाडी आशी हाकली की आख्ख्या संसारात मी त्यांना एवढ्या जोरात जाताना बगितलं न्हाई. ऊन म्हंजी तोंडावर तवा धरल्यालं. यार्डात गेलो, ट्रक न्हाई. निघाला म्हनले आत्ताच. माझ्या डोळ्यापुढं गोमतीचे पाय, तिनं इंजानाच्या डब्याला टेकवल्याले, पैंजन घातल्याले. मी त्यांच्या पाठीला डोकं टेकून म्हनत व्हते, वडा बाबा, काल माझ्याकडनं काय चुकलं आसंल तर पदरात घे, पर त्या पोरीला संबाळ.

हायवेला लागायच्या आधी धरमकांटा हाय, आपन वजनकाटा म्हनतो तो. तिथं रांग व्हती. देवानं ठिवली व्हती म्हना. हरजी काट्यावरनं खाली उतरतच व्हता, हे स्कूटर आडवी घालून उभं.

माझ्या हातातला डबा बगून हरजीला वाटलं मी आनकी पोळ्या आनल्यात. ह्येंनी काय सांगितलं न्हाई, आधी गोमतीला म्हनले, भाभी, नीचे उतरो. नीचे म्हनले, खाली न्हाई म्हनले. मी ऐकलं. मंग इंजानाचा डबा उघडून ताजे उंडे लावले, जिथं काल व्हते तिथंच. भुईवर पायाच्या टाचंनं रेघ वडली, ड्रायव्हर लोक गोळा झाल्याले, सगळ्यांना रेघेमागं सारलं. आन् स्वता गाडीत चढले. कुठं बसले? गोमतीच्या जागेवर.

ताई, काल मी ह्या मानसासाठी पान्याचा थेंब घेतला न्हवता. मी म्हनलं, तुम्ही कशाला, तो एकटा चालवंल की. म्हनले, लावलाय कुनी? मी लावलाय. हळू चालीत पातं सुटत न्हाई, घाबरू नको. आन् मी घाबरू नको म्हनल्यावर घाबरायची थांबनारी बाई न्हवं. गोमतीचा हात धरला, तिच्या हाताची भाजल्याली कातडी माझ्या हाताला लागत व्हती. 

काट्यावरनं रस्त्याला जायला थोडा उतार हाय. गाडी हळूहळू सुटली, दगडानं गच्च भरल्याली, आन् ह्येंनी वरडून सांगितलं, मार! हरजीनं ब्रेक दाबला. आख्खा ट्रक मान खाली घातल्यासारखा झाला आन् आतनं आवाज आला, खर्रर्र. एवढाच. ल्हान आवाज, कुनी पाटीवर खिळा वडावा तसा. इंजान बंद झालं. मालक उतरले, धडधाकट. तवा मी गोमतीचा हात सोडला.

इंजानाचा डबा उघडला. काल आख्खे ऱ्हायल्याले उंडे, आज त्यांची तोंडं सुरीनं कापल्यावानी गुळगुळीत, निम्मी कनीक पात्यांवर लेपल्याली. आन् कनकेच्या मागं, रेडिएटरच्या पट्टीवर, चकाकता ओरखडा. एवढ्याशा उतारावर, चालत्या मानसाच्या चालीत. घाटात काय झालं आसतं ते समद्यांना दिसलं. हरजी त्या ओरखड्यावर बोट फिरवत ऱ्हायला, आन् मंग मटकन भुईवर बसला. गोमती मातर उभी. तिनं नवऱ्याकडं बगितलं न्हाई, सरळ आमच्या ह्येंच्या पायावर डोकं ठेवाय वाकली.

ह्येंनी पाय मागं घेतला. आन् इथं ताई, मला ह्या मानसाचा जो अभिमान वाटला तो आजवर उतरला न्हाई. एवढ्या ड्रायव्हरांच्या घोळक्यात मोठ्यानं म्हनले, पाँव मत पड़ो, गलती मेरी है. मैंने खाली बोला, हमारी मराठी में खाली मतलब नीचे. हरजी का कोई कसूर नहीं, इसने वही किया जो मैंने बोला. दुसरा आसता तर म्हनला आसता, मी नगंच म्हनत व्हतो, तूच ऐकलं न्हाईस, आन् ते खरंबी व्हतं की! पर तो शब्दच न्हाई काढला.  मंग एक म्हातारा ड्रायव्हर म्हनला, तो फौजीजी, थारी बोली में खाली नै के कहवै? म्हंजी तुमच्या बोलीत ह्या खालीला काय म्हनत्यात? हे म्हनले, रिकामी. म्हातारा म्हनला, रिकामी. दुसरा म्हनला, रिकामी. आन् हसू फुटलं सगळ्यांना, आसं फुटलं की हरजीबी डोळं पुसत हसाय लागला.

जुना पंखा? तो गोमतीनं टाकू दिला न्हवता, ट्रकच्या मागं तारंनं बांधून ठिवला व्हता. आपल्याकडं म्हनत्यात ना, ठिवल्यालं कवातरी उपेगी पडतं, तिचं तसं. तिथंच उन्हात ह्येंनी लोखंडी पंखा उतरवून जुना चढवला, ड्रायव्हर लोकांनी चादर धरून सावली केली. हरजी त्या फेरीला थांबत थांबत, पानी पाजत गेला आन् आला. आल्यावर मुकाट्यानं गाडी शेडात लावली. रेडिएटर उतरवला तर जाळीतनं दगडाचा पांढरा चिखल निघाला, रबरं बदलली, आन् तोच प्लास्टिकचा पंखा, ताई, तोच. गाडी पुन्हा तापली न्हाई. लोखंडी पंखा ह्येंनी शेडाच्या दारावर टांगला. कुनी मोठा पंखा लावा म्हनत आला की त्याला तो दावायचे आन् म्हनायचे, आधी जाळी धुवू.

त्या गल्लीत मातर तो शब्द ऱ्हायला. आजबी तुम्ही झोटवाड्यात त्या रस्त्याला जावा, मिस्त्री ड्रायव्हरला विचारतो, भरी है के रिकामी? मारवाडी, मुसलमान, सरदार, सगळी रिकामीच म्हनत्यात, त्यास्नी ठाऊकबी न्हाई ते मराठी हाय म्हनून. बनी पार्कात आपल्या मंडळाच्या गनपतीला तुम्ही लोक भाषनं करता, मराठी टिकली पायजे, टिकली पायजे. आमच्या ह्येंनी भाषन न करता एक शब्द टिकवला की. लोक उंड्याला फौजी का आटा म्हनत्यात, वटपुनवंला मी जरा जास्तीच कनीक तिंबते, कुनी ना कुनी मागाय येतंच.

आता हे थकल्यात, शेड दुसऱ्याला दिलंय, तरी रोज सकाळी तिथं जाऊन बसत्यात आन् रेघ मारली का न्हाई ते बगत्यात. हरजीनं ट्रक इकला, गुडघे धरल्यात त्याचे. राखीला मातर येतो. आन् गोमतीचं सांगायचं ऱ्हायलंच. त्या सालापासून ती आवसंला आपली पूजा करती, आन् पुनवेला परत येती, माझ्याबरूबर. उपास करती, सूत गुंडाळती, सगळं. मी पयल्यांदा म्हनलं, अगं तुझं झालं की, परत कशाला? तर म्हनली, जीजी, अमावस रो म्हारा वालां वास्ते. पूनम रो फौजीजी वास्ते. म्हंजी आवसंचा तिच्या नवऱ्यासाठी आन् पुनवंचा माझ्या.

आता बोला. एका मानसासाठी दोन दोन बाया वडाला सूत गुंडाळत्यात, यम काय करनार बिचारा? म्हनूनच म्हातारा अजून खनखनीत हाय आन् माझ्यावर खेकसतो. बसा, पोळी खाऊन जावा. आन् तुमच्या मालकांचं नाव सांगून ठिवा, औंदा गोमतीला सांगते, एक फेरा त्यांच्याबी नावानं मारील.